मुखवट्याच्या आतला श्वास

गेल्या चैत्रात मी नृसिंहाच्या सभामंडपात एक वाक्य बोललो, आणि ते माझं नसून देवाचं आहे असं सगळ्या गावाला वाटू दिलं. त्या वाक्यानं एका म्हाताऱ्या माणसाची अब्रू गेली. चूक माझी होती हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाला माझ्याबद्दल भलता आदर वाटायला नको. ज्याला लोक अनुभव म्हणतात तसं काहीतरी नंतर माझ्या वाट्याला आलं खरं. पण ते नेमकं काय होतं, कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं, हे मला अजून उलगडलेलं नाही. जसं घडलं तसं लिहितो. अर्थ लावायची माझी पात्रता नाही.

आमचं गाव केदारखेड्याच्या अलीकडे, पूर्णा नदीच्या काठाला. गावात नृसिंहाचं जुनं मंदिर आहे. वैशाखातल्या नृसिंह जयंतीला, दिवस मावळायच्या सुमाराला, एकजण देवाचा मुखवटा चढवतो. बांबू आणि कागदाचा खांब केलेला असतो, तो फोडून तो बाहेर येतो आणि संबळाच्या तालावर नाचत पारापर्यंत जातो. तिथून पुन्हा मंदिरात. त्याच्या कमरेला शेला बांधलेला असतो आणि शेल्याची दोन टोकं दोघांनी धरलेली असतात, कारण अंगात देव असलेला माणूस कुठं झेप घेईल याचा नेम नसतो. गाभाऱ्यासमोर आरती होईपर्यंत मुखवटा काढायचा नाही, मग काहीही होवो. मुखवटा लाकडाचा आणि कागदाच्या लगद्याचा, आयाळ अंबाडीची. पिढ्यान् पिढ्या तो आबा गुरवांच्या घरात असे. आबांनी उमेदीच्या काळात स्वतः पुष्कळ वर्षं सोंग घेतलं. पुढं त्यांना दमा जडला, तेव्हापासून ते दुसऱ्यांना शिकवत.

मी शेतकरी माणूस, वय चाळिशी उलटलेलं, पोट सुटलेलं. नाचाशी माझा संबंध कधी आला नव्हता. पण त्याआधीच्या आश्विनात माझ्या मुलीला, यमूला, मुदतीचा ताप आला. भोकरदनहून आणलेले हकीम नाडी धरून बसले आणि काही न बोलता उठले. मी तसाच मंदिरात गेलो आणि म्हणालो, "पोरगी उठू दे, मी तुझं सोंग घेईन." यमू उठली. आता नवस फेडणं आलं. आमच्याकडं हा नवस दुसऱ्याला नाचवून फिटत नाही. ज्याच्या तोंडून निघाला त्यानंच मुखवटा चढवायचा. आणि तो पुरा झाला नाही तर देव दिलेलं परत नेतो, असं लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळं माझ्या मनात नाच आणि यमूचा जीव हे एकाच गाठीत बांधलेले होते.

पाडव्यापासून आबांची तालीम सुरू झाली. ऊन मंदिराच्या मागं गेलं की आम्ही सभामंडपात जमायचो. मी, शेला धरायचं शिकणारा माझा चुलतभाऊ नामदेव, आणि संबळ वाजवणारा खंडू. पायांच्या चाली मला वाटलं होतं तितक्या अवघड नव्हत्या. अवघड होता तो श्वास. आबा पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगत होते. पाय जमिनीवर पडला की श्वास बाहेर सोडायचा. पाय उचलला की तो आपसूक आत येतो, त्याच्याकडं लक्ष द्यायचं नाही. ऐकायला सोपं. पण माझं सगळं आयुष्य श्वास धरण्यात गेलेलं. पोतं पाठीवर घेताना श्वास धरायचा, विहिरीतून पोहरा ओढताना धरायचा, रुतलेल्या गाडीचं चाक उचलताना धरायचा. आमच्या कामात ताकद म्हणजे कोंडलेला श्वास. त्यात मी कीर्तनात ऐकलं होतं की योगी लोक श्वास रोखतात आणि त्यांना देव दिसतो. म्हणून मला मनातून वाटायचं, आबा सांगतात ती नाचणाऱ्याची युक्ती आहे, भक्ती नव्हे.

आबा माझ्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "इथं ने श्वास." पाठीत श्वास कसा न्यायचा? मी नेण्याचा प्रयत्न केला की छाती फुगायची आणि पाय चुकायचा. पायाकडं बघितलं की श्वास अडायचा. जेवताना कोणी आपल्या घासाकडं टक लावून बघावं आणि घास घशात फिरावा, तसं माझं व्हायचं. इतकी वर्षं न सांगता चाललेला श्वास, त्याच्याकडं लक्ष गेल्याबरोबर परक्यासारखा वागायला लागला. घरी जाताना, जेवताना, अंथरुणावर पडल्यावरसुद्धा मी आत-बाहेर मोजत राहायचो आणि मोजलं की गुदमरायचो.

आबांची जीभ तिखट होती. एकदा मी गिरकी घेता घेता थांबलो आणि गाल फुगवून उभा राहिलो, तर म्हणाले, "श्वास कोंडून काय अंडी घालायची हायेत का? सोड की!"

नामदेव हसला. मी म्हणालो, "आबा, जोर लागतो म्हणून धरतो."

"पोते उचलू उचलू जल्म गेला तुझा. देव म्हंजे पोतं न्हाई. त्याला उचलायला कोण सांगून राह्यलं तुला?"

हे आज आठवलं की त्यात सगळं होतं असं वाटतं. तेव्हा मला फक्त नामदेवचं हसणं ऐकू आलं.

चैत्र वद्य एकादशीच्या दिवशी आबांनी माझ्या नाकातोंडावर ओलं फडकं बांधलं. मुखवट्याच्या आत हवा कमी मिळते, त्याची सवय व्हावी म्हणून ही रीत. एकादशी असल्यामुळं मंडपात पुष्कळ लोक होते. म्हाताऱ्या बायका होत्या, गावचे पाटीलही होते. आबा पाटलांना म्हणाले, "हे बघा आमचं नवं सोंग. म्हैस पाण्यात बसावी तसं नाचतंय." सगळे हसले. मला राग आला. त्या रागात मी ठरवलं की आज मी माझ्याच पद्धतीनं नाचणार. मी श्वास धरला आणि चाल सुरू केली. दमछाक व्हायला लागली तरी सोडला नाही. खंडूचा संबळ हळूहळू लांब गेला, जणू कोणी तो नदीपलीकडं नेला. डोळ्यांपुढं काळं आलं आणि मी फरशीवर पडलो. अंग थरथरत होतं, ते मला थांबवता येत नव्हतं.

मग आवाज आले. "वारं आलं! वारं आलं!" कोणीतरी फडकं सोडलं. एका म्हातारीनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. आमच्याकडं अंगात वारं आलेल्या माणसाला प्रश्न विचारायची पद्धत आहे, आणि त्या वेळी तो जे बोलेल ते देवाचं बोलणं धरतात. पाटील पुढं आले, हात जोडले आणि म्हणाले, "देवा, काही चुकलं का आमचं? सांग."

इथं मी अजून अडखळतो. मी पुष्कळदा त्या क्षणापाशी परत गेलो आहे. गालाखालची फरशी गार आहे हे मला कळत होतं. पाटलांचा प्रश्न ऐकू आला होता. म्हणजे मी शुद्धीत होतो. पण अंग माझ्या ताब्यात नव्हतं आणि आत एक विलक्षण मोकळं, पोकळ वाटत होतं, तसं मला आधी कधीच वाटलं नव्हतं. त्या पोकळीतून मोठा, घोगरा आवाज निघाला. "ज्याच्यात दम न्हाई, त्याच्या घरी मला ठेवू नका."

मला पडल्या जागेवरून आबांचे पाय दिसत होते. त्यांच्या पायांची बोटं आत वळली. मग ते शांतपणे म्हणाले, "पाटील, देव न्हाई आला. ह्याचा श्वास कोंडला. पाणी मारा तोंडावर."

"आबा, देवाला उलट बोलू नका," पाटील म्हणाले.

दिवस मावळायच्या आत मुखवटा आबांच्या घरून पाटलांच्या घरी नेला. मी न्यायला गेलो नव्हतो, पण नामदेव होता. त्यानं सांगितलं ते असं. आबांची बायको मुखवट्यापुढचा तेवता दिवा हातात घेऊन दारापर्यंत आली आणि तिनं विचारलं, "दिवा पण न्यायचाय का?" ती दिवा घेऊन तशीच आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून आबा तालमीला आले नाहीत. लोक मात्र वाटेत माझ्या पायाला हात लावायला लागले. मला ते आवडलं. हे लिहिताना हात जड होतो, पण आवडलं हे खरं. म्हैस म्हणून हसणारे लोक आता बाजूला होऊन वाट देत होते. स्वतःला मी समजावलं की देव आला नसता तर तो आवाज कुठून आला असता? मी तर तसा आवाज काढू शकत नाही. मग मनातून दुसरं कोणी म्हणायचं, तू आबांच्या दम्याबद्दल महिनाभर मनात काय काय बोलत होतास, ते आठव.

माझ्या बायकोनं मला फार दिवस सोडलं नाही. भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, "खरं सांगा, देव आल्ता का?"

"मला ठाऊक न्हाई."

"ठाऊक न्हाई, का सांगायचं न्हाई?"

मी भाकरीचा तुकडा मोडला. ती म्हणाली, "देवाला आबांचा दमा आत्ताच दिसला व्हय? इतकी वर्सं त्यांच्याच घरात राहून राह्यला व्हता की. तवा बरा चालला."

मी तिला सांगितलं, आता मी उठून 'देव आला नव्हता' म्हणालो तर गाव मला खोटा ठरवील. खोट्याच्या डोक्यावर मुखवटा कोण ठेवील? नवस राहील. आणि नवस राहिला तर… तिनं शेजारी बसलेल्या यमूच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो विषय तिथंच थांबवला. यमूच्या जिवाचं भय खरं होतं, पण त्या भयाच्या आडोशाला माझी अब्रूही बसली होती. दोन्ही इतकी चिकटून होती की एकाला हात लावला तर दुसरं हलायचं.

जयंती जवळ आली तेव्हा मी धीर करून आबांच्या घरी गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, दोघं लेकीकडं केदारखेड्याला गेले, कधी येतील ठाऊक नाही. कुलूप बघून मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज वाटली. पण मी केदारखेड्याला गेलो नाही. शेतात एकटाच चाली करत राहिलो. देवाला पुन्हा आणावं म्हणून मुद्दाम श्वास कोंडून पाहिला. डोकं दुखलं, दुसरं काही झालं नाही.

जयंतीचा दिवस वैशाखाच्या उन्हाचा आणि कडक उपासाचा. संध्याकाळी मला पीतांबर नेसवला, पायात चाळ बांधले, कमरेला शेला. एक टोक नामदेवकडं आणि दुसरं माझ्या मेहुण्याकडं, म्हणजे बायकोच्या भावाकडं. मुखवटा डोक्यावर आला आणि बाहेरचं जग एकदम लांब गेलं. आत जुन्या खळीचा, उदाचा आणि आधीच्या माणसांच्या घामाचा वास होता. दिसायला देवाच्या उघड्या जबड्यातली एक फट. त्या फटीतून मला आरतीचं तबक धरलेली बायको दिसली आणि तिचा पदर धरून उभी असलेली यमू. मग कागद फाटला, खांब फुटला, लोकांनी नृसिंहाचा गजर केला आणि मी नाचायला लागलो.

पहिली गल्ली बरी गेली. पुढं माझा श्वास माझ्याच तोंडावर गरम होऊन परत यायला लागला. पाराकडं जाताना रस्ता चढतो. तिथं पाय जड झाले आणि जुन्या सवयीनं मी श्वास धरला. झालं. संबळ लांब जायला लागला, तसाच, नदीपलीकडं. मला कळलं, आता मी पडणार. आरती व्हायच्या आत देव रस्त्यात पडला तर नवस मोडला. मी मनातल्या मनात ओरडलो, ये आता. मंडपात आलास ना? मग आता ये. मी लाज सोडून विनवलं. कोणी आलं नाही. मुखवट्याच्या आत माझ्याशिवाय कोणीही नव्हतं, इतकं रिकामं मी आजवर काही पाहिलेलं नाही. ज्याच्या नावानं मी बोललो होतो त्याची आणि माझी साधी ओळखसुद्धा नाही, हे मला तिथं समजलं.

तेवढ्यात पाठीवर तळहात पडला. दोन्ही खांद्यांच्या मध्ये, नेमका तिथं. आणि कानाशी श्वास ऐकू आला. घरघरणारा, भात्यासारखा, लांब सुटणारा. आबा आले, असं मला वाटलं. माझ्या पाठीशी आबाच आले! पण आवाज आला तो वेगळाच, दम लागलेला.

"छोडो भाई, सांस छोडो. पकडके कायकू रखे? नको पकडो."

मी सोडला. कसा सोडला ते सांगता येत नाही. एवढंच आठवतं की हा शेवटचा श्वास आहे असं वाटलं आणि तरी सोडला. त्याच्याबरोबर आणखीही काही सुटलं. यमूला मी इतके महिने माझ्या कोंडलेल्या श्वासानं धरून ठेवलं होतं, जणू मी ढिला पडलो तर ती जाईल. ती माझ्या धरण्यानं राहिलेली नव्हती. तापात होती तेव्हा तरी मी तिला कुठं धरू शकलो होतो? ज्यानं तेव्हा ठेवली त्यानं आता न्यायची तर न्यावी, मी नाही धरत, असं काहीसं मनात आलं. शब्दांत नव्हे. सगळा श्वास बाहेर गेला. क्षणभर आत काही नव्हतं. आणि मग तो आपसूक आत आला, मी न घेता, थेट पाठीपर्यंत. पाय पडला, श्वास गेला. पाय उचलला, श्वास आला. मागचा भाता चालू होता, मी त्याच्यावर पाय टाकत गेलो. पार झाला, उतार झाला, मंदिराची पायरी आली. आरती झाली. मुखवटा निघाला.

मी आधी मागं वळून बघितलं. नामदेव होता आणि गुडघ्याला फडकं गुंडाळलेला मेहुणा.

"मागं कोण व्हतं?" मी विचारलं.

"पिंजारी," नामदेव म्हणाला. "पारावर बसेल व्हता. ह्यांच्या हातून शेला सुटला अन् त्यानं धरला. पायरीपर्यंत आला अन् तिथून मागं फिरला."

मेहुणा म्हणाला, "मी गर्दीत आडवा पडलो, तर मला कोणी इचारलं न्हाई. समदे देवालाच धरून राह्यले. दाजी, पुढच्या वर्सी मला मुखवटा घाला, तुम्ही पडा."

पिंजारी मला दुसऱ्या दिवशी सकाळी पारावरच भेटला. गावोगाव फिरून गाद्यांचा कापूस पिंजणारा म्हातारा, धनुकलीला दोरी बांधत बसला होता. दर श्वासाला त्याच्या छातीतून तोच आवाज येत होता. मी विचारलं, तुम्हाला आबा गुरव माहीत आहेत का? त्याला कोणीच माहीत नव्हतं. आमच्या गावात तो पहिल्यांदाच आला होता, जाफराबादकडं चालला होता. मी विचारलं, हात नेमका तिथंच कसा ठेवला?

"जिदर दुखता उदर हाथ जाता," तो म्हणाला. "रुई बैठ गई छाती में. मेरेकू भी उदरीच दुखता. छोडे तोच सांस आती, भाई." मग हसला आणि त्या हसण्याचा खोकला झाला. "तुम्हारे शेर का दम घुट रहा था, मंग क्या करता?"

यात देव कुठं होता? मला विचाराल तर मी सांगू शकत नाही. पिंजारी कुठल्याही गावाला गेला असता. मेहुणा पडला नसता तर त्याच्या हाती शेला आला नसता. आबांना दमा नसता तर ती घरघर मला ओळखीची वाटली नसती, आणि ओळखीची वाटली नसती तर मी एका परक्याचं ऐकून श्वास सोडला नसता. हे सगळं कोणी जुळवून आणलं की नुसतं जुळलं, हे मी रोज वेगळं ठरवतो. एवढं मात्र कळतं की ज्या दम्याला मी देवाच्या तोंडून नावं ठेवली, त्याच दम्याच्या आवाजानं मला गाभाऱ्यापर्यंत नेलं.

त्याच सकाळी मी नदीचं कोरडं पात्र ओलांडून केदारखेड्याला गेलो. आबा लेकीच्या ओसरीवर दम्यासाठी धोतऱ्याच्या पानांचा धूर घेत बसले होते. मला बघून म्हणाले, "आलं का सोंग?" मी पाय धरायला वाकलो, त्यांनी पाय मागं घेतले.

"श्वास कुठं तुटला?" त्यांनी विचारलं.

"पाराशी."

"तिथंच तुटतो. चढ हाये."

मी पिंजाऱ्याची सगळी हकीगत सांगितली. त्यांनी धुराचं भांडं बाजूला सारलं. मग म्हणाले, "त्याला पाणी पाजलं का?"

"न्हाई."

"गाढव."

मी म्हणालो, "आबा, माझं चुकलं. मला माफ करा."

"इथं कशाला बोलतो? इथं म्हशीबिगर कोण ऐकून राह्यलं? मंडपात बोल्ला ना? मंग मंडपात सांग."

"नवस फिटला का आबा माझा? मी सांगितलं आन् गावानं न्हाई म्हणलं तर?"

"मला काय इचारतो? मी काय देव हाये?"

परत येताना नदीच्या वाळूत मी पुष्कळ वेळ उभा राहिलो. आबांनी मला माफी दिली नव्हती आणि नवसाची हमीही दिली नव्हती. धरायला हाताशी काहीच नव्हतं. पण पाराशी जे शिकलो ते इथंही लागू होतं. श्वास सोडताना पुढचा येईल याची हमी कोण देतं? तरी सोडावा लागतो. जो पुढचा श्वास देतो त्याचे माझ्यावर किती उपकार आहेत, हे मला तोवर उमगलं नव्हतं. यमू आज अंगणात खेळते, ते माझ्या नाचाचं फळ नाही. तो मला न मागता रोज मिळणारा प्रसाद आहे. तो मुठीत धरायचा नसतो, ओंजळीत घ्यायचा असतो. एवढं एक कळलं, बाकी गोंधळ तसाच आहे. त्या गोंधळासकट मी त्याच्या पायाशी आहे.

पुढच्या एकादशीला नामदेवनं बैलगाडी नेऊन आबांना आणलं. मंडप भरलेला होता. पाटील होते. मला कुंकू लावणारी म्हातारी होती. बायको यमूला घेऊन बायकांत बसली होती आणि माझ्याकडं बघत होती. आबा खांबाला टेकून बसले होते, त्यांची घरघर मला उभ्या जागी ऐकू येत होती. मी उठलो आणि पाडव्याच्या तालमीपासून सांगायला लागलो. पाटीलच म्हणाले, "आरं, एक काय ते सांग. त्या दिवशी देव आल्ता का न्हाई?"

मी श्वास सोडला. मग बोललो.

"ते मला खरंच ठाऊक न्हाई, पाटील. आला असंल, नसंल. माझा श्वास कोंडला व्हता, एवढं खरं. पण तुम्ही इचारलं ते मला बराबर ऐकू आल्तं, आन् मी जे बोल्लो ते देव बोल्ला न्हाई. आबांचा राग माझ्या मनात व्हता, ते माझं बोलणं व्हतं. त्या बोलण्यावरून तुम्ही मुखवटा नेला. मी खोटा म्हणून माझा नवस तुम्ही धरला न्हाई तरी तुमची मर्जी. पण ते बोलणं देवाच्या नावावर ठेवू नका." मग मी आबांच्या पुढं जाऊन फरशीवर बसलो, त्यांच्या पायांना हात लावला, या वेळी त्यांनी ते मागं घेतले नाहीत, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "आबा, ते मी बोल्लो. मीच बोल्लो. मला माफ करा."